कुलाब्याला खरंच लोकलचं स्टेशन होतं का? होतं तर कुठं, बंद का केलं, आज त्या जागी काय आहे, आणि अजून काही बघण्यासारखं उरलंय का?

हो, होतं. आजच्या पश्चिम रेल्वेचं, म्हणजे तेव्हाच्या बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचं दक्षिणेकडचं शेवटचं स्टेशन कुलाबा होतं, चर्चगेट नव्हे. १८७३ ते १९३० अशी जवळजवळ सत्तावन्न वर्षं ते चाललं. ३१ डिसेंबर १९३०च्या मध्यरात्री ते बंद झालं आणि १ जानेवारी १९३१पासून गाड्या चर्चगेटलाच थांबू लागल्या. आज त्या जागी बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे.

एवढ्यात उत्तर संपलं असं म्हणता येईल, पण 'बंद का केलं' हा तुमचा प्रश्न एका ओळीत सुटणारा नाही. माझी नोकरी मंत्रालयाच्या परिसरात. चर्चगेटला उतरून दक्षिणेकडे चालत जाणं हा माझा रोजचाच रस्ता, त्यामुळे या विषयाचं मला वेडच लागलंय. वाचलेलं आणि पायांखालून गेलेलं जुळवून पाहिल्यावर मला एक गोष्ट पक्की पटली आहे: कुलाबा स्टेशनचं नशीब प्रत्येक वेळी समुद्रात टाकलेल्या भरावानं ठरवलं. ते आलं भरावामुळे, गेलं भरावामुळे, आणि त्याच्या आजूबाजूचा परिसर आज ओळखू येत नाही तोही भरावामुळेच.

सुरुवातीपासून सांगतो. १८६४ साली बीबीसीआयची गाडी उत्तरेकडून ग्रँट रोडपर्यंत पोचली. तो काळ मुंबईत कापसाच्या तेजीचा. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळत नव्हता, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा इतका आला की तो कुठं घालायचा हेच लोकांना कळेना. मग समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. त्यातली सगळ्यांत गाजलेली म्हणजे बॅक बे (शहराच्या पश्चिमेची खाडी) बुजवायला निघालेली बॅक बे रिक्लमेशन कंपनी. प्रेमचंद रायचंद हे त्या सगळ्या सट्ट्यामागचं मोठं नाव. १८६५मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, आणि त्या जुलैमध्ये मुंबईच्या शेअर बाजाराचं दिवाळं वाजलं. कंपनी बुडाली. तिनं अर्धवट बुजवलेली किनाऱ्याची पट्टी मात्र मागं राहिली. सरकारनं ती ताब्यात घेतली आणि तिच्यावरून रेल्वे पुढं दक्षिणेकडे नेण्यात आली.

चर्चगेट ते चर्नी रोड लोकल कायम किनाऱ्याच्या इतक्या जवळून का धावते, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल तर त्याचं मूळ इथं आहे. रुळांच्या पश्चिमेला तेव्हा पाणीच होतं. मरीन ड्राइव्ह वगैरे सगळं नंतरचं.

१२ एप्रिल १८६७ला विरारहून बॅक बेपर्यंत पहिली लोकल धावली. दिवसाला एक गाडी जायला आणि एक यायला, बस. बॅक बे हेही आज नसलेलं स्टेशन, साधारण मरीन लाइन्स आणि चर्चगेटच्या दरम्यान. १८७०मध्ये चर्चगेट आलं, १८७३मध्ये कुलाबा.

कुलाब्यापर्यंत जायची गरज काय होती? तर कापूस. फोर्टातल्या हिरवळीवर भरणारा कापसाचा बाजार १८४४मध्ये कुलाब्याला हलवला होता, आणि त्या जागेला कॉटन ग्रीन म्हणत. त्याच्या थोडं आधी, १८३८मध्ये, कुलाबा बेटाला शहराशी जोडणारा कुलाबा कॉजवे बांधून झाला होता, म्हणजे भरती-ओहोटीची वाट न बघता बैलगाड्या बेटावर जाऊ लागल्या होत्या. गुजरातचा कापूस याच रेल्वेच्या मुलखातला. गाठी मालगाडीतून थेट बाजाराच्या दारात उतरवता आल्या तर फोर्टातून बैलगाड्यांचा फेरा वाचणार होता. त्यामुळे कुलाब्याचं यार्ड हे आधी मालाचं आणि मग माणसांचं. १८७५मध्ये जवळच ससून डॉक झाला, तेव्हा तर हा सगळा टापू मालाच्या उलाढालीनं गजबजलेला होता. आज ससून डॉक म्हटलं की मासळीच आठवते, पण तोही कापसाच्या व्यापारासाठी बांधलेला.

माणसांची वाहतूकही वाढत गेली. १८७४च्या मे महिन्यात मुंबईतली पहिली घोड्यांची ट्राम सुरू झाली ती कुलाब्याहूनच, क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत, तिकीट तीन आणे. १८९६मध्ये कुलाब्याला नवीन, मोठं स्टेशन उघडलं. लांब पल्ल्याच्या मेल इथूनच सुटत. १९२८मध्ये सुरू झालेली पेशावरची फ्रंटियर मेल ही कुलाब्याची सगळ्यांत नावाजलेली गाडी. आज मुंबई सेंट्रलला जी धावपळ असते ती आणि चर्चगेटची लोकलची गर्दी, दोन्ही मिळून जे होईल ते तेव्हा कुलाब्याला होतं. (बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरही एक स्टेशन होतं, बोटीनं येणाऱ्या प्रवाशांसाठी. तेही आज नाही. पुष्कळ जण या दोन स्टेशनांची गल्लत करतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.)

आता पुढचं वाचताना मला दर वेळी चुटपुट लागते. ५ जानेवारी १९२८ला कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल सुरू झाली. खांब उभारले, तारा ओढल्या, नवे डबे आले. आणि त्यानंतर तीनच वर्षांत कुलाब्याचा हा तुकडा बंद झाला! ज्या प्रवाशानं वाफेच्या इंजिनाच्या काजळीत वर्षानुवर्षं प्रवास केला आणि ज्याला अखेर विजेची गाडी मिळाली, त्याच्या हातात ते सुख पुरती तीन वर्षंही राहिलं नाही.

कारण पुन्हा भराव. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत सरकारनं बॅक बे बुजवण्याची योजना नव्यानं काढली. १९२०मध्ये त्यासाठी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचं स्वतंत्र खातं उभारलं. गिरगावच्या बाजूपासून थेट कुलाब्याच्या टोकापर्यंत समुद्र बुजवायचा, आठ भाग पाडायचे, ११४५ एकर जमीन काढायची, असा तो आराखडा. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. जुनं शहर पूर्वेला, नवी जमीन पश्चिमेला, आणि बरोबर मधून कुलाब्याला जाणारी रेल्वे. ओव्हल आणि कूपरेज ही मैदानं एका अंगाला, नवे प्लॉट दुसऱ्या अंगाला, आणि त्यांच्यामधून दिवसभर गाड्या. चर्चगेटच्या दक्षिणेला तर रूळ रस्ता ओलांडून जायचे, म्हणजे फाटक पडलं की सगळं खोळंबलं. अशा जमिनीला भाव कोण देणार? रूळ काढले की नवी जमीन शहराला जोडली जाणार होती, शिवाय रुळांखालची जमीनही मोकळी होणार होती.

दुसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. कापूस तोवर कुलाबा सोडून निघाला होता. १९२०च्या दशकात कापसाचा बाजार आणि गोदामं शिवडीच्या बाजूला, पोर्ट ट्रस्टच्या नव्या जमिनीवर गेली. हार्बर लाइनवरचं कॉटन ग्रीन स्टेशन हे त्याच स्थलांतराचं नाव. म्हणजे ज्या मालासाठी रेल्वे कुलाब्यापर्यंत ओढत नेली होती, तो मालच तिथं येईनासा झाला. स्टेशनच्या बाजूनं बोलणारा मोठा व्यापारी उरला नाही. उरले फक्त प्रवासी, आणि प्रवाशांसाठी ट्राम होती, १९२६पासून अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईतली पहिली बसही धावू लागली होती.

लांबच्या गाड्यांसाठी बेलासिस रोडला नवं टर्मिनस बांधायला घेतलं. क्लॉड बॅटली यांनी आखलेलं हे बॉम्बे सेंट्रल एकवीस महिन्यांत उभं राहिलं आणि १८ डिसेंबर १९३०ला उघडलं. मधे फक्त तेरा दिवस, आणि कुलाबा बंद.

ज्या योजनेसाठी हे केलं ती योजना मात्र फसली. बंदरातून उपसलेला गाळ पाइपांनी आणून समुद्रात सोडायचा, असा तिचा बेत. भिंतीतून गाळ वाहून जात राहिला, उपसा अंदाजापेक्षा कितीतरी कमी पडला, खर्च फुगला. वकील आणि नगरसेवक खुर्शेद फ्रामजी नरीमन यांनी या कारभाराची लक्तरं जाहीरपणे बाहेर काढली. खात्यातल्या हार्वे नावाच्या इंजिनिअरनं त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, त्यातून नरीमन निर्दोष सुटले. शेवटी ११४५ एकरांपैकी सुमारे ४४० एकरच जमीन तयार झाली: उत्तरेकडचे दोन भाग आणि कुलाब्याकडचे दोन. मधले चार भाग पाणीच राहिले. कुलाब्याकडचा मोठा तुकडा लष्कराला विकला गेला.

इथं मला थांबून सांगावंसं वाटतं. उत्तरेकडच्या दोन भागांना रूळ निघाल्याचा फायदा नक्की झाला. ओव्हलच्या पश्चिमेची आर्ट डेको इमारतींची ती सुंदर रांग, १९३८चं इरॉस थिएटर, त्यामागं मरीन ड्राइव्ह, हे सगळं रूळ तिथं असते तर आजच्या रूपात दिसलंच नसतं. २०१८मध्ये ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींना युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं, त्यात गेलेल्या रेल्वेचा अप्रत्यक्ष वाटा आहे. पण त्याच्या पुढं दक्षिणेला, जिथं भराव झालाच नाही, तिथली रेल्वेही त्याच फटक्यात गेली. त्या बाजूच्या माणसांना बदल्यात काय मिळालं, तर बस आणि टॅक्सी.

आणि चाळीस वर्षांनी जे झालं ते पाहा. १९६०-७०च्या दशकांत मधला समुद्र पुन्हा बुजवायला घेतला. नरीमन पॉइंट उभं राहिलं (ज्यांनी भरावाच्या कारभाराविरुद्ध लढा दिला त्यांचंच नाव भरावावरच्या जागेला मिळालं), कफ परेडचे टॉवर आले, वर्ल्ड ट्रेड सेंटर आलं. त्याआधीच, १९५५मध्ये, सचिवालय (आजचं मंत्रालय) तिथं आलं होतं. देशातल्या सगळ्यांत दाट ऑफिसांच्या वस्तीपैकी एक वस्ती तयार झाली, ती नेमकी तिथं, जिथून रेल्वे उचलून नेली होती. चर्चगेटच्या बाहेर सकाळी शेअर टॅक्सीची जी लांबलचक रांग लागते, ती १९३०च्या निर्णयाची रोज मोजली जाणारी किंमत आहे. मी त्या रांगेत पुष्कळ उभा राहिलोय. पावसाळ्यात छत्री सावरत, घड्याळ बघत उभ्या असलेल्या त्या माणसांपैकी फार थोड्यांना माहीत असतं की एकेकाळी इथं उतरायची गरजच नव्हती, गाडी पुढं जात होती.

रूळ फाटकातून रस्ता ओलांडत होते, ते तसेच ठेवता आले नसते, हे मला मान्य आहे. पण वर उचलणं किंवा खाली नेणं हा विचार सोडून सरळ काढूनच टाकणं, हा निर्णय जमीन विकणाऱ्यांच्या सोयीचा होता, प्रवाशांच्या नाही. माझं हे मत ठाम आहे.

आता स्टेशनच्या जागेबद्दल. चर्चगेट ते कुलाबा मधली रुळांची पट्टी रस्ते आणि इमारतींत विरून गेली, पण स्टेशनची जमीन रेल्वेकडे राहिली. तिथं पुढं अधिकाऱ्यांसाठी इमारती बांधल्या आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष असलेले फत्तेचंद बधवार यांचं नाव वसाहतीला दिलं. जुन्या स्टेशनची इमारत आज नाही. फलाट नाही, रूळ नाहीत. मला तरी बाहेरच्या बाजूला कुठं साधा फलकही दिसलेला नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. दक्षिण मुंबईत जमिनीचा एवढा मोठा सलग तुकडा रेल्वेच्या मालकीचा का, हा प्रश्न पडला की उत्तर मिळतं. मालकी हीच त्या स्टेशनची उरलेली सगळ्यांत ठळक खूण.

बधवार पार्कच्या समोर समुद्राच्या बाजूला मच्छीमार नगर आहे, कोळ्यांची वस्ती. टॉवरांच्या पायथ्याशी होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी वाळत घातलेली. हाच तो किनारा जिथं २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री दहा अतिरेकी रबरी बोटीतून उतरले. 'बधवार पार्क' हे नाव महाराष्ट्राला त्या रात्रीमुळे माहीत झालं. त्यापूर्वी ते कुलाबा-कफ परेडच्या बाहेर कुणाच्या फारसं तोंडी नव्हतं. स्टेशन म्हणून ओळख पुसली गेल्यावर त्या जागेला पुन्हा ओळख मिळाली ती अशी, हे सांगतानाही जड जातं.

आणि सगळ्यांत अलीकडचा बदल तर आपल्या डोळ्यांदेखत झाला. कुलाबा–वांद्रे–सीप्झ ही भुयारी मेट्रो, म्हणजे मेट्रो ३, ऑक्टोबर २०२५मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं. चर्चगेटच्या पुढं विधान भवन आणि मग कफ परेड. म्हणजे रेल्वेचं नाही पण रुळांवरच्या गाडीचं टोक जवळजवळ पंचाण्णव वर्षांनी पुन्हा जुन्या कुलाबा स्टेशनच्या शेजारी आलं, या वेळी जमिनीखालून. पहिल्यांदा कफ परेडला उतरलो तेव्हा मला अतिशय आनंद झाला होता. नुसत्या सोयीचा तो नव्हता. एक जुना अन्याय थोडा तरी भरून निघाला असं वाटलं. मात्र मेट्रोचं तिकीट लोकलच्या सेकंड क्लासच्या पासाशी बरोबरी करू शकत नाही, आणि विरार-बोरिवलीहून येणाऱ्याला गाडी बदलावीच लागते. विजेच्या लोकलनं बोरिवलीहून थेट कुलाबा, ती गोष्ट काही परत आलेली नाही.

तुम्ही विचारलंय की अजून काही बघण्यासारखं आहे का. आहे, पण ते शोधत चालावं लागतं. रविवारी सकाळी जा. चर्चगेटला फलाटाच्या दक्षिण टोकाला, जिथं रूळ संपतात आणि बफर आहेत, तिथं क्षणभर उभे राहा. हे स्टेशन टर्मिनस म्हणून सुरू झालं, नंतर साठएक वर्षं मधलं स्टेशन होतं, आणि मग पुन्हा टर्मिनस झालं. रुळांची रेघ मनातल्या मनात सरळ दक्षिणेकडे वाढवा. ती वीर नरीमन रस्ता ओलांडून इरॉसच्या अंगावरून जाते. फाटक होतं ते इथंच. बाहेर पडलात की समोर पश्चिम रेल्वेचं मुख्यालय दिसेल, १८९९चं, फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आखलेलं. तेव्हा त्याच्या पश्चिमेला रूळ आणि रुळांपलीकडे समुद्र होता. मग महर्षी कर्वे रस्त्यानं ओव्हलच्या कडेकडेनं चालत राहा. डावीकडे मैदान, उजवीकडे आर्ट डेको इमारती. पुढं मादाम कामा रस्ता ओलांडला की कूपरेज. तिथून नाथालाल पारेख मार्गानं, म्हणजे जुन्या वुडहाउस रोडनं, बधवार पार्कपर्यंत. सगळं मिळून दोनएक किलोमीटर, रमतगमत गेलात तरी पाऊण तास.

बधवार पार्क ही राहती वसाहत आहे, आत ओळखीशिवाय सोडत नाहीत आणि सोडूही नये. बाहेरूनच बघा. त्याच्या पुढं दक्षिणेला नौदलाचा आणि लष्कराचा टापू लागतो, तिकडे कॅमेरा बाहेर काढू नका. निघण्यापूर्वी १९३०च्या आधीचा मुंबईचा एखादा नकाशा मोबाइलवर उतरवून घ्या आणि आजच्या नकाशाशेजारी ठेवून चाला. किनाऱ्याची रेघ कुठं होती आणि कुठं गेली ते पावलागणिक कळत जाईल. परत येताना चालायचा कंटाळा आला तर कफ परेडहून मेट्रो पकडा. दोन स्थानकांत चर्चगेट.